वरच्या खोलीतला मुलगा

ताई,
माझा मुलगा तीस वर्षांचा आहे. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, पण मार्च २०२० मध्ये घरी आला तो आजपर्यंत वरच्या खोलीतूनच काम करतो. त्याची मीटिंग असली की मी मिक्सर उचलून मागच्या पडवीत नेते आणि तिथे वाटण करते. जेवतो वरच, रिकामं ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून देतो. आता कंपनीने कळवलंय, पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात यायचं. तो म्हणतो, "मी जाणार नाही. पगार कमी असला तरी चालेल, घरून काम देणारी दुसरी नोकरी बघतो. तुम्हाला सोडून कसा जाऊ?" ह्यांचं म्हणणं, जायलाच हवं. लोक विचारतात, "घरीच असतो? नोकरी गेली काय?" जुळत आलेली एक सोयरीकही त्यावरूनच मोडली. मी दोघांसमोर काही बोलले नाही. खरं सांगू? तो आहे म्हणून घर भरलेलं वाटतं. त्याला थांब म्हणू की जा म्हणू?
– फोंडा तालुक्यातली एक आई

वहिनी,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले. "मी दोघांसमोर काही बोलले नाही." घरून काम की ऑफिस हा प्रश्न मोठा आहेच, त्याच्याकडे येते. पण आधी हे वाक्य.

मी तेवीस वर्षांची असताना मला काणकोणच्या एका शाळेत नोकरी मिळत होती. आमचं घर डिचोलीला. रोज जाऊन येऊन जमणारं नव्हतं, तिथे खोली घेऊन राहावं लागलं असतं. संध्याकाळी आई सुपात तांदूळ निवडत बसली होती, तिला विचारलं, "जाऊ?" मान वर न करता ती म्हणाली, "तुला काय ते तू ठरव." तिची बोटं सुपात क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. त्या थांबलेल्या बोटांवरून मी समजले की तिला मी जायला नको आहे. मी गेले नाही. पुढे पंधरा-वीस वर्षांनी ती माझ्या मावशीला सांगत होती, "हिलाच तेव्हा जायचं नव्हतं, नाहीतर मी पाठवली असती." मी शेजारच्या खोलीत होते. ते ऐकून किती वेळ उभी होते मला आठवत नाही.

म्हणून तुम्ही गप्प राहू नका. तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ तो लावणारच, आणि त्याने लावलेला अर्थ तुमच्या मनातला असेलच असं नाही. "तुम्हाला सोडून कसा जाऊ" असं तो म्हणतो तेव्हा त्यात माया आहे, यात मला शंका नाही. पण त्या वाक्यामागे आणखी काय आहे हे तुम्ही त्याला कधी विचारलंय का? ऑफिसात तो शेवटचा बसला तेव्हा चोविशीतला होता. मधली वर्षं एका खोलीत गेली. कदाचित त्याला आता माणसांच्या घोळक्यात जायची धास्ती वाटत असेल. कदाचित तसं काहीच नसेल; पुण्याचं भाडं, ट्रॅफिक आणि मेसचं जेवण त्याला नकोसं असेल आणि इथे त्याचं काम खरोखरच चांगलं होत असेल. ही दोन कारणं अगदी वेगळी आहेत आणि त्यांवर उपायही वेगळे. आईबापाच्या काळजीच्या पांघरुणाखाली दोन्ही सारखीच दिसतात.

मला सलतं ते जिन्यावरचं ताट. दुपारी एक वाजता तो खाली आला असता, तुमच्याबरोबर आमटीभात जेवला असता, संध्याकाळी मैदानावर गेला असता, देवळाच्या पालखीला दिसला असता, तर मी तुम्हाला बेधडक लिहिलं असतं की कंपनीशी भांडा पण मुलाला घरीच ठेवा. घरी राहून काम करणारा माणूस घरात असायला हवा ना! तुमचा मुलगा तुमच्या घरात आहे की नुसता तुमच्या माडीवर, हे तुम्हीच बघा.

भावोजींना माझा निरोप सांगा. लोकांच्या विचारण्यावर मुलाचा निर्णय ठरवू नका. सहा वर्षं तो वरच्या खोलीतून काम करतोय, दर महिन्याला पगार जमा होतोय, तरी कुणाला ती नोकरी वाटत नसेल तर त्याला आपला इलाज नाही. आणि ती सोयरीक मोडली त्याचं दुःख करू नका. जी माणसं कामाची जागा बघून मुलाची किंमत करतात, त्यांनी पुढेही असंच मोजमाप केलं असतं.

पण भावोजींच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे, ती त्यांना ठाऊक नसेल. माझी भाची याच क्षेत्रात आहे, तिने मला वाचायला दिलं. चीनमधल्या सीट्रिप या प्रवासी कंपनीत निकोलस ब्लूम या अर्थतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या अखेरीस एक प्रयोग सुरू केला. कॉल सेंटरमधल्या ज्यांनी घरून काम करायची तयारी दाखवली, त्यांच्यातल्या सम तारखेला जन्मलेल्यांना आठवड्याचे चार दिवस घरी ठेवलं, विषमवाले ऑफिसात. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे तुमचा मुलगा घरी बसून कमी काम करतो, असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. पण तेवढ्याच चांगल्या कामाला त्यांना बढती मात्र कमी मिळाली. आणि प्रयोगानंतर निवड करायला सांगितलं तेव्हा घरी बसलेल्यांतले जवळपास निम्मे स्वतःहून ऑफिसात परतले. त्यांच्या तक्रारींत एकटेपणाची तक्रार मोठी होती.

त्याच कंपनीत पुढे २०२१–२२ मध्ये १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग झाला, आठवड्यातले दोन दिवस घरी आणि बाकीचे ऑफिसात. तिथे नोकरी सोडून जाणारे एक तृतीयांशाने कमी झाले आणि बढतीत काही फरक पडला नाही. तुमच्या मुलाला कंपनी जे देते आहे ते हेच, तीन आणि दोन. वाईट सौदा नाही हा. फक्त फोंड्याहून तो कसा जमवायचा, हा पेच आहे.

त्यासाठी त्याने नवी नोकरी शोधण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. एक, साहेबांना लेखी विचारावं की दर आठवड्याचे तीन दिवस एकत्र जोडून महिन्यातले बारा-तेरा दिवस सलग पुण्यात काढले तर चालेल का. उरलेले दिवस तो तुमच्याकडे. रात्रीच्या बसने सकाळी पोचतो, कायमचं बिऱ्हाड हलवायची गरज नाही. दोघातिघांत मिळून एक खोली पुरते. नाही म्हणाले तर नाही म्हणाले, विचारायला काय जातं? दुसरं, कमी पगाराच्या नव्या नोकरीत "घरून काम" हे नेमणूकपत्रात, कामाच्या ठिकाणाच्या रकान्यात छापलेलं आहे का ते बघावं. तोंडी शब्दावर पगार सोडू नये. टीसीएससारख्या कंपनीनेही ऑक्टोबर २०२३ पासून माणसांना पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. आज घरी बसा म्हणणारी कंपनी उद्या बोलावू शकते, आणि तेव्हा तो कमी पगारावर बॅग भरत असेल.

आणि त्याने इथेच राहायचं ठरवलं, तर आठवड्यातला एखादा दिवस तरी लॅपटॉप घेऊन घराबाहेर पडावं. मीटिंग नसलेल्या दिवशी पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसावं. फोंडा-पणजी कदंबा बसगाड्या आहेतच.

वहिनी, आपल्या गोव्याला माणसं बाहेर पाठवण्याची सवय आहे. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या गावांनी मुंबईत धोबीतलावाला कुडी, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून राहायच्या जागा, घेतल्या होत्या. गावातला कुणीही बोटीवर चढायला किंवा नोकरीला मुंबईला आला की आपल्या गावाच्या कुडीत उतरायचा, पेटी भिंतीला लावायचा, त्याच गावच्या माणसांत जेवायचा. गेलेला माणूस गावातून तुटलेला नसे, आणि घरच्यांनीही त्याला "तू आता आमचा राहिला नाहीस" असं म्हटलेलं नसे. जाणं आणि राहणं यांच्यामध्ये अशी एक जागा असते. तुमच्या मुलाला ती कुणी दाखवलेली दिसत नाही. त्याला वाटतं, गेलो तर तुम्हाला टाकून गेलो.

तसं नाही, तेवढं तुम्ही त्याला सांगू शकता. इतर कुणी सांगितलं तर पटणार नाही. "थांब" म्हणू नका, "जा"ही म्हणू नका. दोन्ही खरी वाक्यं एकापाठोपाठ म्हणा: तू घरी असलास की मला बरं वाटतं, आणि माझ्यासाठी म्हणून तू थांबायला नको आहेस. मग त्याला विचारा, त्या खोलीत तुला बरं वाटतं का रे? उत्तर यायला वेळ लागला तर तो लागू द्या, मध्ये बोलू नका. भावोजींना त्या वेळी बाहेर पाठवा.

शनिवारी त्याची मीटिंग नसणार. त्या दिवशी मिक्सर पडवीत नेऊ नका, स्वयंपाकघरातच लावा, आणि जेवायला त्याला खाली हाक मारा.