रोबो-गाडीचं परीक्षण लिहिताना

गाडीचा रोबो होणाऱ्या या खेळण्याच्या खोक्याचं कौतुक दोन ओळींत उरक. गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, घेतलीस की नवी पेठेच्या बाजारात, किती रुपयांना, आणि आयएसआय खूण आहे का, एवढं पुरे. ही खूण २०२१ पासून खेळण्यांना सक्तीची आहे, तरी जत्रेतल्या मालावर ती शोधावीच लागते.

खरा मजकूर सांध्यांत असतो. गाडीचा रोबो आणि रोबोची परत गाडी, असं दहा-बारा वेळा कर, मगच लिहायला बस. पहिल्या दिवशी सगळेच सांधे घट्ट असतात! खांदा सैल पडतो का, बिजागरीपाशी प्लास्टिक पांढुरकं होतंय का, ते बघ. पांढरी रेघ दिसली की तुकडा तिथंच पडणार. गाडी झाल्यावर दारं नीट मिटतात का? चाकं जमिनीला टेकतात का? छोट्या गाड्यांत रोबोचे पाय खाली लोंबतात आणि गाडी पळतच नाही. हे मात्र सविस्तर लिही, पोरं गाडी पळवायलाच घेतात.

उंची पट्टीनं मोज, ‘तळहाताएवढी’ लिहू नकोस बाबा. फोटो सकाळीच काढ, आपल्या सोलापूरच्या दुपारच्या उन्हात काळे सांधे दिसत नाहीत.