टाइमआउट दोन मिनिटांचा, दहाचा नाही

प्रश्न: मी डोंबिवलीला घरीच पाळणाघर चालवते. सध्या सहा मुलं आहेत, दीड ते साडेतीन वर्षांची, आणि मदतीला एक मावशी. त्यातला सव्वादोन वर्षांचा एक मुलगा चावतो, ढकलतो, हातातलं खेळणं हिसकावतो. व्हिडिओ बघून मी टाइमआउट सुरू केला, बेडरूममध्ये खुर्चीवर दहा मिनिटं बसवते. तो बसतच नाही, पळतो, मी परत आणून बसवते, मग हसतो, मग रडून रडून उलटी काढतो. परवा दीड वर्षाच्या मुलीने ताट फेकलं म्हणून तिलाही बसवलं. ज्याला चावला त्याची आई चिडलीय, ह्याची आई म्हणते शिक्षा नको. तो अजून फारसा बोलतही नाही. काय करू?

उत्तर: ताई, आधी त्या छोटीला टाइमआउटमधून काढा, कायमचं. दीड वर्षाच्या बाळाला आपण इथे का बसलोय हे कळत नाही, आणि ताट फेकलं म्हणजे बहुतेक वेळा पोट भरलंय, ताट उचला, विषय संपला. टाइमआउट दोन वर्षांनंतरच, आणि तोसुद्धा क्वचित.

ही कल्पना ज्यांच्या नावावर आहे ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्टाट्स, त्यांनी स्वतःच्या मुलीला वाढवताना ती वापरली, आणि त्यात अर्थ एवढाच होता की मजा चाललीय तिथून मुलाला थोडा वेळ बाजूला घ्यायचं. म्हणजे मजा आधी असायला हवी ना! मूल दिवसभर रागावूनच घेत असेल तर बाजूला बसवून त्याचं काय जाणार. वयाच्या एका वर्षाला एक मिनिट असा साधा हिशोब धरतात, म्हणजे ह्याला दोन मिनिटं पुष्कळ झाली, दहा मिनिटं ह्या वयात बसणं जमतच नाही म्हणून तो पळतो, आणि तुम्ही मागे धावलात की त्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो. हसतो ते त्यामुळे, निगरगट्ट आहे म्हणून नाही.

बेडरूम नको, बाल्कनी तर मुळीच नको, आणि बाथरूममध्ये कोंडणं, बागुलबुवा दाखवणं हे कुणाच्याही पाळणाघरात होता कामा नये, ह्यावर मी अजिबात तडजोड करणार नाही. हॉलमध्येच तुमच्या नजरेसमोर एक सतरंजी टाका. चावला की आधी ज्याला चावलाय त्याच्याकडे जा, जागा साबणाने धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा, त्याला जवळ घ्या. मग ह्याच्याकडे वळून शांत आवाजात एकच वाक्य, "चावायचं नाही, दुखतं." सतरंजीवर दोन मिनिटं, मावशी शेजारी बसली तरी चालेल, फक्त बोलणं आणि खेळणं बंद. उठला तर न बोलता परत आणायचं. रडून रडून श्वास लागायला लागला तर टाइमआउट तिथेच सोडा आणि उचलून घ्या, उलटी होईपर्यंत ताणण्यात काहीच हशील नाही. वेळ संपली की लगेच खेळात परत, भाषण नको, सॉरी म्हणायची जबरदस्ती नको.

पण खरं काम ह्याच्या आधीचं आहे. आठ दिवस वहीत लिहा, किती वाजता चावला, कुणाला, त्याआधी काय चाललं होतं. बहुतेक जेवणाआधी भुकेला असताना, नाहीतर संध्याकाळी एकेकाच्या आया न्यायला यायला लागतात तेव्हा, असंच काहीतरी निघेल. मग त्या वेळेला अर्धा तास आधी केळं द्या, त्याला तुमच्याजवळ बसवा, आणि ज्या गाडीवरून भांडण होतं तशा दोन गाड्या आणा. खेळणं मागायला हात पुढे करून "दे" म्हणायला शिकवा, म्हटलं की लगेच कौतुक करा. आणि घरात कुणीही त्याला "चावरा" म्हणायचं नाही, मावशींनाही सांगा.

दुसऱ्या आईला त्याचं नाव सांगू नका, काय झालं आणि तुम्ही काय करताय एवढं सांगा. ह्याच्या आईशी मात्र वही घेऊन निवांत बोला, दारात घाईत नको, आणि त्याच्यासमोर नको. दोन वर्षांची मुलं साधारण "पाणी दे", "आई आली" असे दोन शब्द जोडतात. हा तसं करत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून कान तपासून घ्यायला सांगा, कारण ज्याला मागता येत नाही ते मूल दातानेच मागतं.