शिराळा तालुक्यातून आमदार-खासदारांशी ऑनलाइन संपर्क कसा साधावा?

आधी आपला मतदारसंघ नक्की करावा, कारण सांगली जिल्ह्यातील ८ विधानसभा मतदारसंघांपैकी शिराळा आणि इस्लामपूर हे २ लोकसभेसाठी हातकणंगल्यात मोडतात; त्यामुळे तुम्ही सांगलीच्या खासदारांना ईमेल पाठवलात, तर तो तुमच्या प्रतिनिधीकडे जाणारच नाही. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर ओळखपत्राचा क्रमांक टाकल्यास दोन्ही मतदारसंघ दिसतात. खासदारांचा ईमेल संसदेच्या संकेतस्थळावरील सदस्यसूचीत मिळतो. रस्ता, पाणी किंवा दाखल्याची तक्रार असेल, तर ती प्रथम ‘आपले सरकार’ पोर्टलवर नोंदवावी आणि मिळालेला क्रमांक आमदारांना लिहिलेल्या पत्रात अवश्य द्यावा. माझ्या मते या क्रमांकामुळेच कार्यालयाला नेमका पाठपुरावा करता येतो. एका पत्रात एकच विषय मांडावा.