बैठक उठल्यावरची उजळणी

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. तंटा मिटवणाऱ्यानं नंतर स्वतःचं काम कसं तपासावं, म्हणजे उजळणी कशी करावी, याबद्दल या मोहिमेतल्या गावसमित्यांकडून आलेले हे तीन प्रश्न.

प्रश्न : धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) वाद मिटवून समितीतले आम्ही चौघं उजळणीला बसलो, तर तीच केस पुन्हा सुरू झाली. चुकतं कुठं? (आर्णी तालुका)

खरं कोण, हे ठरवायला तुम्ही बसलेले नाहीत. विषय तुमच्या वागण्याचा आहे. त्याच दिवशी बसू नका, डोकी तापलेली असतात. आठवड्यावर नेलं तर तपशील पुसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाऊण तास पुरे. ज्यानं बैठक चालवली, त्यानं उजळणी चालवू नये.

पहिली १० मिनिटं फक्त घडलेलं : कोण कुठं बसलं, कोणत्या वाक्यावर आवाज चढला. कुणी ‘त्यानं मुद्दाम केलं’ म्हणालं की थांबवा, तो तर्क झाला. पुढची २० मिनिटं : त्या क्षणी मला काय वाटलं, मी काय केलं? खरा ऐवज इथंच सापडतो. समजा, धाकटा भाऊ म्हणाला, ‘मोजणीवाल्याले पैसे चारले तुम्ही,’ आणि मध्यस्थ पटकन बोलला, ‘जाऊ दे ना बाप्पा.’ मध्यस्थाला वाटतं, भांडण थंड झालं. धाकटा मात्र तिथून पुढं गप्पच, सही तेवढी करतो. अशी सही पेरणीच्या तोंडावर मोडते.

उरलेल्या वेळात प्रत्येकानं पुढच्या खेपेला बदलायची एकच गोष्ट सांगावी. चार सांगितल्या की एकही होत नाही.

प्रश्न : वडीलधाऱ्यांपुढं तरुण अन् बाया बोलत नाहीत. (कारंजा तालुका)

वयानं लहान आधी, अध्यक्ष शेवटी. तरी जमेना तर चिठ्ठ्या लिहून घ्या. वहीत पक्षकारांची नावं, गट नंबर नकोत. गावात नुसतं ‘विहीरवाला’ लिहिलं तरी माणूस ओळखू येतो. आणि पानठेल्यावर उजळणी नकोच.

प्रश्न : मारहाणीचं प्रकरण हाताळल्यापासून एका सदस्याला झोप नाही. सगळ्यांसमोर मन मोकळं करायला लावावं का? (घाटंजी तालुका)

लावू नका. आघातानंतर लगेच एकदाच बसवून सगळं वदवून घ्यायची पद्धत संशोधनात टिकली नाही. पुढचा मानसिक त्रास तिनं टळला नाही, काहींचा उलट वाढला. त्याला स्वतःहून बोलायचं असेल तर एकानं ऐकावं. बैठकांतून काही दिवस सुट्टी द्या. झोप परत येत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

उजळणीत आणखी एक विचारा : ते प्रकरण समितीनं घ्यायचं होतं का? तडजोड होऊ शकणारे गुन्हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये दिले आहेत. त्यात नसेल ते ठाण्याकडेच.