वाचकांचे प्रश्न : ॲन फ्रँकची डायरी नेमकी कधी लिहिली गेली?

प्रश्न : नववीच्या वर्गात ॲन फ्रँकची डायरी वाचून घेते आहे. १९४३ च्या नोंदी इतक्या बांधीव आहेत की त्या चौदा वर्षांच्या मुलीच्या वाटत नाहीत. वडिलांनी नंतर लिहिल्या का, असं मुलं विचारतात. काय सांगावं? (शिक्षिका, नाशिक)

उत्तर : मुलांचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकतो आहे. त्या नोंदींवर तारीख १९४३ ची असली, तरी आपण वाचतो तो मजकूर ॲनने स्वतःच १९४४ च्या उन्हाळ्यात लिहिला. २८ मार्च १९४४ ला, परागंदा डच सरकारच्या लंडनहून चालणाऱ्या रेडिओ ओरान्येवर डच मंत्री बोल्केस्टाइन यांनी, युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं जमा करायला हवीत, असं सांगितलं. ॲनचं ज्यू कुटुंब तेव्हा नाझींपासून ॲमस्टरडॅममध्ये लपून राहत होतं; त्या जागेत तिने ते ऐकलं. २० मे रोजी तिने पुस्तक करायच्या हेतूने सुट्या कागदांवर पुनर्लेखन सुरू केलं. ४ ऑगस्टला धाड पडेपर्यंत, म्हणजे सुमारे अकरा आठवड्यांत, २१५ कागद भरले आणि ती २९ मार्च १९४४ च्या नोंदीपर्यंत पोचली. याच काळात तिला पंधरावं वर्ष पूर्ण झालं.

अभ्यासक मूळ वह्यांना 'अ', सुट्या कागदांना 'ब' आणि वडील ओटो फ्रँक यांनी दोन्ही जुळवून १९४७ मध्ये छापलेल्या पुस्तकाला 'क' म्हणतात. पहिली वही ५ डिसेंबर १९४२ ला थांबते, त्यानंतरची हाती आलेली वही २२ डिसेंबर १९४३ ला सुरू होते. मधल्या वर्षाचं मूळ लेखन सापडलेलंच नाही. त्यामुळे ते वर्ष आपल्याला जवळजवळ पूर्णपणे 'ब'मधूनच कळतं.

फळ्यावर ५ डिसेंबर १९४२, २२ डिसेंबर १९४३ आणि २९ मार्च १९४४ या तीन तारखा लिहून पुस्तकाचे चार भाग पाडा. पहिल्या आणि तिसऱ्या भागात 'अ' आणि 'ब' दोन्ही उपलब्ध आहेत, दुसऱ्यात मुख्यतः 'ब', चौथ्यात फक्त 'अ'. त्याच जागेत लपलेल्या पीटर या मुलाच्या पहिल्या चुंबनाची १६ एप्रिल १९४४ ची नोंद चौथ्या भागातली, म्हणून ती ताजी, न घासलेली आहे. १९४३ ची एखादी नोंद तिच्याशेजारी ठेवून वाचली, की वाक्यांतला फरक मुलांना आपोआप दिसेल. चूक बहुधा होते ती अशी : १९४३ ची नोंद त्या दिवशीच्या मनःस्थितीचा पुरावा म्हणून वापरली जाते. पुन्हा लिहिताना ॲनने नोंदी एकत्र केल्या, काही गाळल्या. पहिल्या वहीत ती किटीसोबत कॉनी, पॉप, एमी अशा कितीतरी काल्पनिक मैत्रिणींना लिहीत होती. सगळी पत्रं एकट्या किटीच्या नावे झाली ती 'ब'मध्ये. एवढ्या लहान वयात स्वतःच्या लेखनावर इतक्या कठोरपणे संपादकाचा हात फिरवणारी लेखिका मुलांना दिसावी, असं मनापासून वाटतं.

प्रश्न : माझ्याकडच्या दोन इंग्रजी प्रतींत मजकूर वेगळा आहे. कापाकापी कुठली? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : श्रेयपान पाहा. १९५२ चा अनुवाद असेल तर तो ओटोंच्या निवडीवर उभा आहे. आईविषयीचे काही बोचरे उल्लेख आणि शरीराविषयीचे परिच्छेद ओटो आणि डच प्रकाशक यांनी गाळले होते. जर्मन लेखिका-अनुवादक मिर्याम प्रेसलर यांनी १९९१ मध्ये सिद्ध केलेल्या आवृत्तीत त्यातलं बरंचसं परत आलं. तिचा इंग्रजी अनुवाद १९९५ चा. २४ मार्च १९४४ च्या नोंदीत स्त्रीशरीराचं स्पष्ट वर्णन असेल, तर तुमची प्रत नवी. ॲनसोबत लपलेल्यांची नावं पुस्तकात बदललेली आहेत; गोंधळ टाळायला त्यांची खरी नावं पहिल्या पानावर लिहून ठेवा : व्हान डान म्हणजे व्हान पेल्स कुटुंब, डुसेल म्हणजे फ्रित्झ फेफर.

प्रश्न : डायरी बॉलपेनने लिहिली आहे, म्हणून ती बनावट, असा संदेश फिरतो. (वाचक, ठाणे)

उत्तर : तो खोटा आहे. डच न्यायवैद्यक प्रयोगशाळेने कागद, शाई, डिंक आणि हस्ताक्षर तपासलं. निष्कर्ष १९८६ च्या चिकित्सक आवृत्तीत छापले आहेत. बॉलपेनचं लेखन फक्त दोन सुट्या चिठ्ठ्यांवर सापडलं, आणि तिथलं अक्षर ॲनचं नाही. १९६० च्या सुमारास हस्ताक्षरतपासणीच्या वेळी त्या कागदांत राहून गेल्या. या अफवेला आधार मिळाला तो जर्मन पोलिसांच्या १९८० च्या त्रोटक अहवालाचा : काही दुरुस्त्या बॉलपेनच्या आहेत असं त्यात म्हटलं होतं, कुठल्या ते सांगितलंच नव्हतं. त्या अहवालावरून डायरीच्या खरेपणावर शंका घेता येत नाही, हे २००६ मध्ये त्याच पोलिसांनी जाहीर केलं.