जपानमधला एखादा आगळावेगळा हिवाळी उत्सव परदेशी माणसाला जवळून बघता येतो का?

हो, येतो. आणि एकच बघायचा असेल तर नागानो प्रांतातल्या नोझावा ओनसेनला जा. गरम पाण्याच्या झऱ्यांचं, जानेवारीत बर्फात बुडालेलं हे गाव आहे. तिथे दरवर्षी 15 जानेवारीच्या रात्री दोसोजिनचा अग्निउत्सव होतो. दोसोजिन म्हणजे वेशीवर राखण करणारा देव.

त्याच्यासाठी गावकरी बीच नावाच्या जंगली झाडांचे ओंडके आणून 10 मीटरहून उंच लाकडी देऊळ रचतात. ते त्याच रात्री जाळायचं असतं, पण लढल्याशिवाय नाही. पुरुषाचं 25वं आणि 42वं वर्ष जपानी लोक घाताचं मानतात. म्हणून त्याच वयाचे गावकरी देऊळ राखतात. बेचाळिशीचे वर चढून बसतात, पंचविशीचे पायथ्याशी उभे राहतात आणि बाकीचं गाव पेटत्या मशाली घेऊन त्यांच्यावर चाल करून येतं. आधी लहान मुलांची पाळी, मग मोठ्यांची. खालची पोरं पाइनच्या फांद्यांनी झोडपून आग विझवतात. काजळीने त्यांचे चेहरे ओळखू येत नाहीत, अंगावर ठिणग्यांचा पाऊस पडत असतो, तरी जागा सोडत नाहीत. वरचे तर मशालींसाठी काटक्या खाली टाकत हल्लेखोरांना आणखी डिवचतात! यात दिखावा नाही. धक्के खरे, चटके खरे. तास-दीड तासाने टाळ्या वाजवून लढाई संपल्याचं जाहीर होतं आणि मग देऊळ पेटतं. पहिला मुलगा झालेल्या घरांनी उभारलेले उंच, सजवलेले कंदिलाचे खांबही त्याच आगीत जातात.

आगीइतकंच मला भावलं ते त्यामागचं माणसांचं बांधलेपण. चाळीस ते बेचाळीस वयाच्या पुरुषांचा गट सलग तीन वर्षं हा उत्सव अंगावर घेतो आणि मग पुढच्यांच्या हाती सोपवतो. म्हणून माझा आग्रह आहे की फक्त रात्रीपुरते जाऊ नका. 14 तारखेला पोचलात तर देऊळ रचताना बघायला मिळतं. ओंडके दोरखंडांनी आवळताना चाललेली त्यांची हाकाटी ऐकण्यासारखी असते.

लढाईत उतरायचं फक्त गावकऱ्यांनी, आपण बघायचं. नायलॉनचं जाकीट घालू नका, ठिणगीने भोक पडतं. बर्फात घसरणार नाहीत असे बूट हवेतच. कुणी साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, पुढे करेल. पीत नसाल तर हसून, मान झुकवून नाही म्हणा, कुणाला राग येत नाही. टोकियोहून होकुरिकु शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनने इइयामा स्टेशनला उतरलात की पुढे बस आहे. गर्दीमुळे त्या वर्षी प्रवेशाचे काय नियम आहेत ते आधी पाहा आणि गावातली खोली फार लवकर धरून ठेवा.