चहा-व्हिस्की तुरट होते ती चहामुळे

तुम्ही लिहिलंय की उकळून गार केलेल्या कोऱ्या चहात व्हिस्की, लिंबू आणि बर्फ घातला, तर पेय गढूळ झालं, जीभ कोरडी पडली आणि साखर वाढवूनही तुरटपणा गेला नाही. शनिवारी चौघं यायचे आहेत, तेव्हा महागडी बाटली आणावी का, असं विचारताय. आणू नका. घरात आहे ती साधी ब्लेंडेड (मिश्र) व्हिस्की पुरेशी आहे. खर्च करायचाच असेल तर 100 ग्रॅम चांगल्या पानाच्या चहावर करा.

आपल्या डब्यातला दाणेदार चहा, म्हणजे सीटीसी, दुधासाठीच तयार झालेला आहे. पान चिरडून, फाडून त्याच्या गोळ्या केलेल्या असतात, त्यामुळे दोन मिनिटांत तो सगळा रंग आणि सगळं टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारा घटक, सोडून देतो. दुधातलं केसीन हे प्रथिन त्या टॅनिनला धरून ठेवतं, म्हणून आपला कडक चहाही घशाखाली सुखानं उतरतो. दूध काढलं की टॅनिनला आवर घालायला कोणी उरत नाही. त्यात व्हिस्की ओकच्या पिंपात मुरलेली, तिचं स्वतःचं टॅनिन असतंच. दोन तुरट गोष्टी एकत्र आल्या आणि वर लिंबू पिळलंत, मग साखर काय करणार? गढूळपणाचं कारणही चहातच आहे. उकळलेला चहा गार होताना त्यातलं कॅफीन आणि टॅनिन एकमेकांना चिकटतात आणि पाणी धुरकट होतं.

म्हणून चहा उकळूच नका. अर्धा लिटर गार पाण्यात 8 ग्रॅम पानाचा चहा घाला (चहाचे चारेक चमचे होतात), बरणी फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळा. आठ तास भरपूर झाले. गार पाण्यात सुगंध आणि गोडवा उतरतो, टॅनिन बरंच मागे राहतं. गाळताना पानं दाबू नका, पिळू तर अजिबात नका. राहिलेला कडवटपणा त्या शेवटच्या थेंबांतच असतो. गाळलेला चहा दोन दिवसांत संपवा.

कोणता चहा? आसामचा ऑर्थोडॉक्स, म्हणजे न चिरडता वळलेल्या पानाचा चहा घेतलात तर चुकणार नाही. त्याला अंगचाच माल्टसारखा वास असतो आणि तो बर्बनच्या (मक्यापासून केलेल्या अमेरिकन व्हिस्कीच्या) व्हॅनिलासारख्या वासाशी सुरेख जुळतो. दार्जिलिंगचा उन्हाळी, सेकंड फ्लश म्हणजे दुसऱ्या तोडीचा, हलक्या ब्लेंडेडबरोबर घ्या, पण त्यात लिंबू नको, सालीचा एक तुकडा ग्लासावर मुरडला की झालं. अर्ल ग्रे या सुगंधी चहात बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचा वास आधीच असतो, तिथेही लिंबाचा हात आखडता ठेवा. पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुराची व्हिस्की आवडत असेल, म्हणजे स्कॉटलंडच्या आयला बेटावरची किंवा आपल्या गोव्यात बनणारी पॉल जॉन बोल्ड, तर चीनच्या फूच्येन प्रांतातला लापसांग सूचाँग मिळवा. तो पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. मात्र धुरावर धूर चढवताना चहा निम्माच घ्या, उरलेलं साधं पाणी. ग्रीन टी आणि स्कॉच ही जोडीसुद्धा जुनी आहे. चीनच्या नाइटक्लबांत 2000 नंतरच्या दशकात स्कॉचबरोबर बाटलीबंद गोड ग्रीन टी सर्रास मागवला जायचा. मला तो फार गोड वाटतो.

प्रमाण सांगतो. 60 मिली व्हिस्की, 140 मिली थंड चहा, 10 मिली मधाचं पाणी (मध आणि कोमट पाणी समसमान), आणि लिंबू घालायचंच असेल तर चहाचा एक चमचा. आपलं कागदी लिंबू परदेशी पिवळ्या लिंबापेक्षा जहाल असतं, त्यामुळे तिकडच्या कृतीतलं माप जसंच्या तसं उचलू नका. हे पेय सरबतासारखं जातं, हे मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडची व्हिस्की 42.8 टक्क्यांची, म्हणजे हा ग्लास बर्फ विरघळण्याआधी जवळपास 12 टक्क्यांचा, वाइनइतका. शिवाय कॅफीनमुळे तरतरी वाटते, पण नशा तेवढीच राहते. म्हणून गाडी चालवणाऱ्याला हा ग्लास देऊ नका.

पावसाळी रात्री मी गरम करतो तो वेगळाच. त्यात चहापत्ती नाहीच. गवती चहाची चार पाती गाठ मारून, आलं ठेचून, दोन ग्लास पाण्यात पाच मिनिटं उकळायचं. गूळ घालायचा. गॅस बंद केल्यावर दोनेक मिनिटं थांबायचं आणि मग कपात 30 मिली व्हिस्की, वरून लिंबाचे काही थेंब. पातेल्यात व्हिस्की ओतून उकळू नका; अल्कोहोल 78 अंशांना उडायला लागतं आणि नाकात झणका तेवढा येतो. गवती चहात टॅनिन जवळजवळ नाही, कॅफीन अजिबात नाही, त्यामुळे झोपही मोडत नाही. सर्दीवरचा उपाय म्हणून मात्र याकडे पाहू नका, आणि सर्दीची गोळी घेतली असेल तर हा कप टाळाच.

आता शनिवारचं. चौघांसाठी मिल्क पंच, म्हणजे दूध फाडून गाळलेलं पेय करा, गुरुवारीच. अमेरिकेचे मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1763 मध्ये एका मित्राला ब्रँडीच्या मिल्क पंचाची कृती लिहून पाठवली होती, त्यात 44 लिंबांच्या साली, जायफळ आणि उकळतं दूध आहे. आपल्याला इतका पसारा नको. 250 मिली व्हिस्की, 250 मिली चहा, 60 मिली लिंबाचा रस, 100 ग्रॅम साखर, चिमूटभर जायफळ. साखर विरघळू द्या. दुसऱ्या भांड्यात 200 मिली फुल क्रीम दूध गरम करून घ्या आणि त्यात हे आंबट मिश्रण बारीक धारेनं सोडा. दूध लगेच फाटतं. ते ढवळत बसू नका, तासभर तसंच ठेवा. मग चाळणीवर दुपदरी मलमल घालून गाळा. सुरुवातीची धार पांढुरकी येते. ती पुन्हा त्याच चोथ्यावर ओता. चोथा बसत जातो तशी तोच गाळणी होतो, धार बारीक होते, थेंब थेंब पडू लागतं आणि खालच्या भांड्यात सोनेरी, आरपार दिसणारं पेय साठतं. याला दोन-तीन तास लागतात, घाई करून फडकं पिळलंत तर सगळं परत गढूळ. टॅनिन केसीनबरोबर चोथ्यात अडकून राहतं, म्हणून यासाठी तुमचा उकळलेला दाणेदार चहासुद्धा चालेल. दूध दिसत नसलं तरी त्याचा मऊपणा जिभेवर राहतो. दूध ज्यांना सोसत नाही त्यांना आधी सांगा.

बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. आठवडाभर सहज टिकतं. देताना एकच मोठा बर्फाचा तुकडा, बरोबर खारे शेंगदाणे किंवा भाजलेले पोह्याचे पापड. फरसाण फार मसालेदार नको, सगळा वास मारतं. कॉलेजातली भाचेमंडळी घरात असतील तर त्यांच्यासाठी व्हिस्कीविना गवती चहाच गार करून ठेवा, महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी 25 वर्षं पूर्ण लागतात. कोणता चहा मिळाला ते कळवा, त्याप्रमाणे मध किती घालायचा ते सांगतो.